उघडीचे चार भाव

मेहकर, ३ ऑगस्ट १९६४

आज सकाळी माझ्या चहाच्या कपाचा कान तुटला. जगाच्या इतिहासात या घटनेला जागा मिळणार नाही, म्हणून निदान येथे नोंदवून ठेवतो. कर्णहीन पात्रातून उष्ण पेय कसे प्यावे, याचा विधी कोणत्याही स्मृतीत सांगितलेला नाही. मी धोतराच्या सोग्याने कप धरला, तर धोतराला डाग आणि बोटांना चटका असे उभयविध फल मिळाले. कप कोणी फोडला, असे विचारले, तेव्हा हिने दोष मांजरावर ढकलला. आमच्याकडे मांजर नाही.

"नवा आणू," मी म्हणालो.

"असू द्या हो. कान तुटलेला कप शेजारचं कुणी मागायला येत नाही. घरात टिकतो तरी."

हे काही उत्तर नव्हे. पण आमच्या घरातल्या वादात पूर्वपक्ष माझा आणि सिद्धान्त हिचा, अशी वहिवाट आहे.

दुपारी विलायतेहून पार्सल आले. माझा भाचा मुकुंद तिकडे मोटारीच्या कारखान्यात शिकतो. त्याने मामीसाठी लोकरीची शाल पाठवली आणि मामासाठी काही नाही. शाल मात्र एका मासिकाच्या पानांत गुंडाळली होती. हिने शाल घेतली, मी पाने घेतली. पाहतो तो सगळ्या जुन्या मोटारी विकण्याच्या जाहिराती! आपल्याकडे म्हातारी गाय पांजरपोळात जाते. तिकडे म्हातारी मोटार नव्या मोटारीच्या दुप्पट भावाने जाते. त्यातही दोन माणसांच्या, बिनछपराच्या, शर्यतीत पळणाऱ्या मोटारींना मान जास्त.

आणि तिसऱ्या पानावर चित्र होते ते उघडीचे!

'उघडी' म्हणजे साखरखेर्ड्याच्या गुलाबराव पाटलांची 'हॅल्डन' मोटार. खामगावच्या कापसाच्या जिनिंगमधला एक इंग्रज साहेब देश सोडून जाताना त्यांना देऊन गेला. छप्पर नाही म्हणून गावाने तिला उघडी म्हटले. गुलाबराव गेले, त्यांच्या दोन मुलांत, पंजाबराव आणि उकंडराव यांच्यात, वाटणी झाली. ती वाटणी मी पाहिली आहे. शेत वाटले, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, पाटे-वरवंटे वाटले. उघडीची किंमत काय धरायची हे पंचांना कळेना, म्हणून ती धरलीच नाही. दोन घरांच्या मधल्या शेडमध्ये ती तशीच राहिली.

चित्राखाली किंमत होती साडेचारशे पौंड. आपले सहा हजार रुपये. मी कान तुटल्याचे विसरलो.

११ ऑगस्ट

मी या तालुक्याचा वार्ताहर. कापूस, ज्वारी, तूर यांचे भाव कळवणे हा माझा योगक्षेम. मग मोटारीने काय घोडे मारले आहे? एकच वस्तू, पण देश, काल आणि पात्र बदलले की भाव कसा बदलतो, यावर लेख लिहायचा ठरवले आहे. असा लेख आमच्या पत्रात आजवर आला नाही. कदाचित महाराष्ट्रातही आला नसेल. मी विनयी माणूस आहे, म्हणून 'कदाचित' लिहिले.

मुकुंदाला अमेरिकेचा भाव विचारला. मुंबईचा भाव आमच्या कचेरीतून येईल. खामगावचा आज स्वतः जाऊन आणला. भंगाराचे शेटजी गादीवर पान लावत होते.

"गाडी चालू हाय का बंद?"

"बंद आहे."

"मंग बरं झालं. चालू गाडी तोडाले जिवावर येते." त्यांनी मला आदराने सुपारी दिली. "गाद्या काढून, चाकं काढून, नुसत्या लोखंडाचा भाव देईन. सव्वादोनशेच्या वर जाणार नाई. तुमची हाय?"

"माझी नाही. मी भाव काढतो आहे."

"नसलेल्या मालाचा भाव काढून राह्यले?" शेटजी म्हणाले. "मंग तं तुमचा धंदा माझ्याहून चांगला हाय."

२४ ऑगस्ट

सर्व भाव हाती आले. अमेरिकेत हीच मोटार दहा हजारांवर जाते. तिथे म्हणे अशा मोटारी थोड्याच पोचल्या आणि पैसा फार. विलायतेत सहा हजार. मुंबईत अठराशे, तेही ती चालली तर. कारण मुंबईच्या माणसाला मोटार कुठेतरी जाण्यासाठी लागते. खामगावात सव्वादोनशे. साखरखेर्ड्यात शून्य.

हे कोष्टक मांडताना मला जो आनंद झाला, तो पंचसंधी पाठ झाल्या त्या दिवशीही झाला नव्हता.

३१ ऑगस्ट

लेख आला. 'एक मोटार, चार भाव.' देशकालपात्राचा माझा परिच्छेद संपादकांनी कापला, साखरखेर्ड्याचे शून्यही कापले. कोष्टक मात्र चौकटीत, केसांच्या तेलाच्या जाहिरातीशेजारी छापले. 'साखरखेर्डा येथील कै. गुलाबराव पाटील यांच्या शेडमध्ये' हे शब्द ठळक अक्षरांत.

सकाळपासून लोक येताहेत. पोस्टमास्तर आपल्या वडिलांच्या सायकलचा जर्मनीतला भाव विचारून गेले. एकाने म्हशीचा विचारला. मी म्हणालो, म्हैस शर्यतीत पळत असेल तर कळवा.

८ सप्टेंबर, साखरखेर्डा

पोळा झाला, म्हणून सकाळच्या एस.टी.ने आलो. माझ्या लेखाने गावाचे डोळे उघडले, यात शंका नाही. शेडजवळ गेलो तर आजवर जिथे कडी अडकवायलाही कोणी नव्हते तिथे दोन कुलपे! एक पंजाबरावांचे, एक उकंडरावांचे. मौल्यवान वस्तूची दोन्ही भावांनी इतक्या तत्परतेने काळजी घ्यावी, हे पाहून समाधान वाटले.

पंजाबराव ओट्यावर बसले होते. मोठे, शांत, बोलणे मोजके. मला पाहून उठले.

"या, शास्त्रीबुवा. तुमच्या लेखानं तं गावात जत्रा भरली."

"मग? घराण्याचा लौकिक वाढला की नाही?"

"वाढला ना. कालच्याला पोळ्यात आमचे बैल दोन वक्ती निंगाले. एक डाव त्याचे, एक डाव माहे. आजवर संगंच निंगत."

म्हणजे दोन मिरवणुका! वैभव म्हणतात ते हेच.

दोघांना एकाच वेळी बोलावणे जमेना म्हणून किल्ल्या आणायला पोर दोन घरी वेगवेगळे पाठवले. शेड उघडली. उघडी तशीच होती: लांब नाक, लाल रंगाचे पोपडे, चाकांत हवा नाही. दर दसऱ्याला दोन्ही घरची माणसे तिला ढकलत वेशीपर्यंत नेतात, पूजा करतात, ढकलत परत आणतात. चालताना तिला या गावातल्या कोणीच पाहिलेले नाही. पूजेला त्यांच्या थोरल्या बहिणीचा मान. जनकाबाई त्यांचे नाव; सगळे त्यांना आक्का म्हणतात. नवरा लवकर गेल्यामुळे त्या माहेरीच राहिल्या. वाटणीनंतर एक महिना एका भावाकडे जेवतात, एक महिना दुसऱ्याकडे.

मी शेडच्या दारात उभा असताना आक्का जवळ आल्या.

"बुवा, एक इचारू?"

"विचारा."

"हे पेपरातलं पुसता येते का?"

"छापलेले पुसता येत नाही आक्का. आणि पुसायचे कशाला? दहा हजारांची वस्तू आहे."

"थेच तं," त्या म्हणाल्या. "मोटर अन् मी, आमी दोघीच वाटणीत नाई आलो. आमची किंमत नव्हती म्हणून."

वृद्ध माणसे कधीकधी फार सुंदर बोलतात. मी हे वाक्य लेखासाठी टिपून घेतले.

१९ सप्टेंबर

मुकुंदाचे पत्र. विलायतेतला एक गृहस्थ उघडी घ्यायला तयार आहे. जहाजाने नेण्याचा खर्चही त्याचा. एकच अट: ती खरीखुरी शर्यतीची हॅल्डन आहे की तिच्यासारखी दिसणारी साधी, हे कळायला पाहिजे. त्यासाठी चालकाच्या पायांपुढे लावलेल्या पितळी पाटीवरचा क्रमांक हवा. तोच क्रमांक इंजिनावरही कोरलेला असतो, पण तो सापडायला कठीण, पाटी सोपी. खऱ्या शर्यतीच्या मोटारीच्या क्रमांकाआरंभी ठरावीक अक्षरे असतात, तीही त्याने खूण म्हणून कळवली आहेत. क्रमांक नसेल तर तो गृहस्थ लोखंडाचाही भाव देणार नाही.

पाटी मी पाहिली आहे. म्हणजे ती जिथे असावी ती जागा पाहिली आहे. दर दसऱ्याला आक्का तिच्यावर शेंदूर लावतात, कारण मोटारीचे कपाळ तेच, असे गुलाबरावांनी ठरवले होते. आता तिथे पाटी नाही, पुरणपोळीएवढ्या जाडीचा लाल गोळा आहे.

म्हणजे साहेबाचा क्रमांक आणि साहेब यांच्यामध्ये आमचा धर्म उभा आहे. पण धर्मावर उपाय धर्मशास्त्रात असतोच.

२७ सप्टेंबर, साखरखेर्डा

लेख आल्यापासून दोघे भाऊ आज पहिल्यांदा समोरासमोर बसले, मध्ये मी. पंजाबरावांचे मत विकावी असे. उकंडरावांचेही तेच. इतके एकमत असून दोघांचे चेहरे असे का होते, कळत नाही.

"शेंदूर खरडून काढू," उकंडराव म्हणाले. हे धाकटे, अंगाने किरकोळ, जिभेने सढळ. "मी हातानं काढतो."

"तू एकटा काऊन काढशीन?" पंजाबराव.

"मंग तुमी काढा, दादा. मी उभा राह्यतो."

"काऊन, भरोसा नाई?"

"तुमाले हाय का माह्यावर?"

आतून आक्का आल्या. हातात झाडणी होती.

"कोणी खरडाचा नाई. लावला थो देवाचा झाला. माह्या बापानं लावला पयला हात. त्याच्यावर दोघाहीनं संगं लावला हरेक साली. आता चाकू लावता?"

मग मी तोडगा सांगितला. गणपती बसवतो, तसा उठवतोही. उत्तरपूजा केली की देवत्व निघून जाते, उरते ती माती. दसऱ्याला मोटारीची यथासांग उत्तरपूजा मी करीन, मग शेंदूर काढायला हरकत नाही. दोघांनीही मान हलवली. आक्का माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या.

"पूजा म्हटली की निघून जाते?"

"शास्त्र आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मला ताक दिले. ताकात मीठ नव्हते. विसरल्या असतील.

५ ऑक्टोबर

आज उकंडराव मेहकरला कोर्टाच्या कामाने आले होते. जाताना घरी आले. हिने चहा दिला. माझ्यासाठी नवा कप आणला होता, तो पाहुण्याला गेला आणि मी पुन्हा कर्णहीन.

"बुवा, एक कायद्याचं इचाराचं होतं. आमची अर्धी-अर्धी हाय ना मोटर?"

"हो."

"मंग दादाची अर्धी विलायतेत इकावी अन् माही अर्धी अमेरिकेत, असं जमते का? तिकडं भाव जास्त हाय म्हणून म्हणतो."

शास्त्रात याला अर्धकुक्कुटीन्याय म्हणतात: अर्धी कोंबडी शिजवायची, अर्धी अंड्यांसाठी ठेवायची. तो मी त्यांना समजावून सांगितला. ते हसले नाहीत. कप फिरवत बसले.

"दादाचा खोकला कसा हाय? तुमाले दिसला ना थो तवा?"

"मला? अहो, तुमच्या दोघांची दारे समोरासमोर आहेत."

"हाव. पण थे दार लावून घेतात आजकाल." मग उठता उठता म्हणाले, "आक्कानं काल दोघाहीले कुलपं काढाले लावले. घट बसाच्या आंधी शेड सारवाची हाय म्हणे. दिवसभर एकटीच होती अंदर. वहिनीले बी येऊ देल्लं नाई."

या वयात इतके सारवू नये. पण ऐकणार कोण?

१५ ऑक्टोबर, दसरा, साखरखेर्डा

झाले ते क्रमाने लिहितो.

सकाळी दोन्ही कुलपे काढली. पंजाबरावांची माणसे डाव्या बाजूने, उकंडरावांची उजव्या बाजूने. दर वर्षी सगळे मिसळून ढकलतात. आज कोणी दुसऱ्याच्या बाजूला हात लावीना. डावीकडे चार धटिंगण आणि उजवीकडे दोघे, म्हणून उघडी वेशीऐवजी किसनराव वाण्याच्या दुकानाकडे वळली. किसनरावांनी आपली पोती वाचवली आणि दोन्ही पक्षांना सारख्याच शिव्या दिल्या. सकाळपासून हेच एक समान वाटप.

वेशीजवळ पूजा मांडली. सर्वांगपूजा करायची म्हणून मी पुढचे झाकण उघडायला सांगितले. गंजले होते, पहार लावावी लागली. आक्का नव्या लुगड्यात, शेंदराचा डबा घेऊन बाजूला उभ्या. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"काय झाले, आक्का?"

"तवा घासला."

मी मंत्र म्हटले. आवाज चांगला लागला होता. शेवटी सवयीप्रमाणे तोंडातून 'पुनरागमनाय च' निघून गेले. जिला साहेब घेऊन जाणार तिला परत ये म्हणणे विसंगत होते. पण तिथे संस्कृत कळणारा मीच, म्हणून पुढे गेलो.

मग दोन्ही भाऊ पाटीपाशी वाकले. पंजाबरावांनी सुपारीचा अडकित्ता लावला मात्र, आणि शेंदराचा तो सबंध गोळा एका तुकड्यात, मेणाने चिकटवल्यासारखा, अलगद हातात आला! लोक 'आहा' म्हणाले. इतक्या वर्षांचा थर असा सुटावा! उत्तरपूजेची इतकी रोकडी प्रचिती मी जन्मात पाहिली नव्हती.

खाली पितळ होते. आरशासारखे लखलखीत, कोरे. एकही आकडा नाही, एकही अक्षर नाही.

"घासून घासून गेले," आक्का म्हणाल्या. "दसऱ्याले भांडे घासतो, तशी थेबी घासत होतो पयलेपासून. चिचेनं. मले काय माईत साहेबाले आकडे लागतात!"

पंजाबराव पाटीवरून अंगठा फिरवत राहिले. उकंडरावांनीही फिरवला. दोघांचे अंगठे शेंदराने लाल.

"म्हंजे आता?" पंजाबरावांनी मला विचारले.

"विलायत गेली," मी म्हणालो. "अमेरिकाही तोच क्रमांक मागणार. मुंबईला ती चालायला हवी."

"अन् खामगाव?"

"सव्वादोनशे. गाद्या काढून."

मग उकंडरावांना हसू फुटले. आधी नाकात, मग पोटात.

"दादा! सव्वादोनशेसाठी मी कुलूप इकत आणलं, पाच रुपयाचं!"

"माहं सातचं हाय," पंजाबराव म्हणाले, आणि खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले. उकंडरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मोठा माणूस खोकत असताना धाकट्याने पाठ चोळावी, यात विशेष काही नाही. पण आक्कांनी तोंड फिरवून पदर लावला.

परतताना कोण कोणत्या बाजूने ढकलतो, याचा कोणालाच पत्ता नव्हता. किसनराव वाणीसुद्धा लागले होते. म्हणाले, माझ्या दुकानाकडं वळवू नका म्हणून ढकलतो. शेडपाशी उकंडरावांनी कुलूप लावले. पंजाबरावांनी आपले लावले नाही. किल्ली उकंडरावांनी आक्कांच्या ओटीत टाकली आणि वाकून भावाला सोने दिले.

निघताना आक्कांनी मला ताक दिले. आज मीठ होते.

१६ ऑक्टोबर, मेहकर

माझा नवा कप सकाळी पोस्टमास्तरांच्या बायकोने मागून नेला. त्यांच्याकडे पाहुणे आहेत. परत येईल तेव्हा येईल. कान तुटलेला आहेच.

मुकुंदाला पत्र लिहिले: पाटीवर क्रमांक उरलेला नाही, व्यवहार संपला असे त्या गृहस्थास कळवणे. हे सर्व अक्षरशः खरे आहे. संपादकांनाही दोन ओळी पाठवल्या, की साखरखेर्ड्याच्या मोटारीची किंमत खामगावी बाजारभावाप्रमाणे समजावी.

हिने विचारले, "मग चुकलं का तुमचं कोष्टक?"

"कोष्टक बरोबर आहे," मी म्हणालो.

ते बरोबरच आहे. अडचण तीच आहे.

काल सर्वांगपूजेत मी इंजिनावर अक्षता टाकायला वाकलो होतो. बाकी सगळे पाटीकडे पाहत होते. इंजिनाच्या डाव्या अंगाला, खाली, तेलाची पुटे होती. अक्षता टिकेनात म्हणून मी उपरण्याने जागा पुसली. तिथे आकडे आहेत. खोल कोरलेले, स्वच्छ, एकही झिजलेला नाही. मुकुंदाने ओळखीची जी खूण कळवली होती, ती अक्षरे आरंभी आहेत. उघडी खरीखुरी आहे. दहा हजारांची.

तो क्रमांक मला पाठ झाला आहे. येथे लिहिणार नाही.

आता दर दसऱ्याला ते दोघे मला पूजेला बोलावणार, दोघांच्या मध्ये बसवणार, आणि उकंडराव थट्टेने का होईना विचारणार, बुवा, यंदा अमेरिकेत काय भाव हाय? आणि मी वार्ताहर आहे. आजवर एकही बातमी माझ्या पोटात आठवडाभर टिकलेली नाही. हिलाही हे अजून सांगितलेले नाही, आणि कालपासून तीनदा तोंडाशी आले. मी गप्प राहीन, असे मला वाटत नाही. मला खरी काळजी आहे ती ही.